फावल्या वेळचे काम आणि त्याचे दाम

बेळगावात थंडीची चाहूल लागली की लोकरीच्या दुकानांत वर्दळ वाढते. फळ्यांवर रंगीत गुंडे रचलेले असतात. एखादी भगिनी गुंडा बाहेरच्या उजेडात नेऊन रंग निरखते, दुकानदार सुईचा नंबर विचारतो, आणि स्वेटरला किती लोकर लागेल याचा हिशेब कागदाच्या चिटोऱ्यावर होतो. निपाणीच्या पेठेतही थोड्याफार फरकाने हेच दिसते. अलीकडे तरुण मुलीही या दुकानांत येऊ लागल्या आहेत. कोणी मोबाईलवर पाहून टाके शिकतात, कोणी जाणत्या बाईंच्या घरी क्रोशाच्या शिकवणीला जातात. आपल्या मंडळ्यांतील महिला मंडळांत तर ही विद्या जुनीच आहे.

हा छंद चांगला आहे याविषयी वाद नाही. प्रश्न निराळा आहे. जे काम आपण हौस म्हणून शिकतो, त्याच कामावर दुसऱ्या कोणाचे घर चालते. तर मग हौसेने शिकणारा मनुष्य पोटासाठी विणणाऱ्याचे काही देणे लागतो काय? वरवर पाहता नाही. पण थोडा विचार केला तर हे देणे चांगलेच जड आहे असे दिसून येईल.

प्रथम शिकण्याविषयी. शिकणारीला आधी सुलट टाका शिकवतात, मग उलट. पहिल्या आठवड्यात विणण्यापेक्षा उसवणेच अधिक होते. मग एक साधा मफलर हाती घेतला जातो. समजा, एका ओळीत चाळीस टाके आणि अशा तीनशे ओळी, म्हणजे बारा हजार टाके झाले. मिनिटाला वीस टाके पडले तरी सहाशे मिनिटे, अर्थात पुरे दहा तास. ज्याने हे दहा तास स्वतः काढले आहेत, तो पुन्हा मफलरकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही. दुकानात टांगलेल्या वस्तूत त्याला कोणाचे तरी तास दिसू लागतात. पुस्तक वाचून हे ज्ञान येत नाही. ते बोटांतूनच यावे लागते.

पवित्र शास्त्र या ज्ञानाला हलके लेखत नाही. निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात निवासमंडपासाठी सूत कातून आणणाऱ्या स्त्रियांचा आवर्जून उल्लेख आहे. त्यांचे कसब हे बुद्धीचे काम गणले आहे. त्याच अध्यायात बसालेल व अहलियाब यांना कारागिरीबरोबर ती इतरांस शिकवण्याची प्रेरणाही देवापासून मिळाल्याचे सांगितले आहे. म्हणजे हातात कसब असणे हे एक दान, आणि ते दुसऱ्याच्या हाती देणे हे दुसरे दान. घरी शिकवणी घेणाऱ्या बाईंना महिनाअखेर फी देताना हात आखडतो तेव्हा हे दुसरे दान आपण विसरलेले असतो.

आता आपल्याच भूमीतील एक प्रसंग पाहू. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनात. व्यवस्थेचा भार हुदलीचे गंगाधरराव देशपांडे यांनी वाहिला. त्या वेळी सभासदत्वाचा एक विलक्षण नियम मंजूर झाला: चार आणे वर्गणीऐवजी सभासदाने दरमहा दोन हजार वार सूत द्यावे. दोन हजार वार म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर धागा. वकील असो, डॉक्टर असो की जमीनदार, प्रत्येकाने चरख्यापुढे बसावे आणि गरिबाच्या श्रमाची ओळख आपल्या हातांना करून द्यावी, हा त्यातील हेतू. परंतु नियमात एक वाटही ठेवली होती. आजारपणामुळे, अनिच्छेमुळे किंवा तशाच कारणाने ज्याला कातणे जमत नसेल, त्याने दुसऱ्याने कातलेले सूत द्यावे. एवढे करूनही तो नियम वर्षभरसुद्धा टिकला नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत चार आण्यांचा मार्ग पुन्हा मोकळा झाला, आणि सुताच्या कार्यासाठी अखिल भारत चरखा संघ वेगळा निघाला.

या ठिकाणी विचारी माणसापुढे खरा पेच उभा राहतो. स्वतः कातणारा आणि सूत विकत घेऊन देणारा, या दोघांत अधिक चांगले कोणाचे? एक पक्ष म्हणेल, जो स्वतः बसला तोच खरा. विकत घेणाऱ्याने पैशाने श्रमातून सुटका करून घेतली. दुसरा पक्ष म्हणेल, वकिलाने वेडेवाकडे सूत काढून कोणाचे भले झाले? त्याने एखाद्या विधवेचे सूत घेतले असते तर निदान तिची चूल पेटली असती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. माझ्या मते दोन्ही एकमेकांवाचून अपुरी आहेत. स्वतः कातूनही ज्याचे डोळे उघडले नाहीत, त्याचा चरखा म्हणजे करमणूक. आणि श्रम न जाणता जो विकत घेतो, तो बहुधा कमीत कमी भावात घेतो. तिथे चूल पेटते, पण अर्धपोटी.

खुद्द गांधीजींनाही पुढे हा प्रश्न टाळता आला नाही. खादीचा प्रसार झाला, तरी कातणाऱ्या स्त्रीच्या हाती फारच थोडे पडत होते. १९३५ साली त्यांनी चरखा संघापुढे आग्रह धरला की आठ तासांच्या कामाला आठ आणे हे आपले ध्येय असावे. यावर खादी महाग होईल, खप घटेल, अशी भीती कार्यकर्त्यांनी व्यक्त केली. एकदम आठ आणे काही मिळाले नाहीत, पण मजुरी वाढवावी लागली. ज्या वस्त्राला आपण पवित्र म्हणतो, ते अर्ध्या मजुरीवर उभे असेल तर त्याच्या पावित्र्याचा अर्थ काय, हा त्या आग्रहामागील सवाल होता.

तो सवाल आपल्या ख्रिस्ती घरालाही लागू आहे. आंध्र प्रदेशातील नरसापूर येथील लेस प्रसिद्ध आहे. क्रोशाचे हे काम एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तेथील गरीब स्त्रियांना शिकवले, आणि त्यामुळे अनेकींना आधार मिळाला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पुढे हा माल व्यापाऱ्यांच्या हाती गेला व परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन विदुषीने तेथील स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. तिला आढळले ते असे: घरकाम सांभाळून या स्त्रिया दिवसाचे कितीतरी तास लेस विणत, पण त्यांना कामगार कोणीच म्हणत नसे. त्या गृहिणी, आणि त्यांचे काम फावल्या वेळचे. फावल्या वेळाला कसली आली पुरी मजुरी? त्या एका शब्दाच्या आडोशाने त्यांच्या तासांची किंमत नाहीशी झाली होती.

निपाणीच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी स्त्री त्यांनी लहानपणापासून पाहिली आहे. तिलाही लोक “बसल्या बसल्या चार पैसे मिळवते” असेच म्हणत. परंतु १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगारांत गणले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. कायद्याने सर्व दुःख मिटले असे नव्हे; पण काम घरात झाले म्हणून ते काम नव्हे, ही समजूत खोटी ठरली. तंबाखूच्या पानाला जो न्याय लागू होतो तो लोकरीच्या धाग्याला का लागू होऊ नये?

आता आपल्या मंडळीच्या आवाराकडे वळू. हंगामाच्या सणाला किंवा नाताळापूर्वीच्या विक्रीला भगिनी आपल्या हातचे रुमाल, टोपडी, मोजे आणून देतात. हे दान आहे, आणि ते सुंदर आहे. परंतु त्याची पुढची बाजूही पाहावी. समजा, विणलेली शाल साडेतीनशे रुपयांना गेली. तिला दीडशेची लोकर लागली आणि दहा तास गेले. राहिले दोनशे, म्हणजे तासाला वीस रुपये. देणारीचे त्यावाचून अडत नाही. पण त्याच गल्लीत एखादी स्त्री शाली विणून मुलांच्या शाळेचा खर्च भागवत असते. ती पाचशे मागते तेव्हा तिला ऐकावे लागते, “अहो ताई, चर्चच्या विक्रीत साडेतीनशेला मिळाली की!” आपल्या दानाने तिच्या घामाचा भाव पाडला, हे आपल्या गावीही नसते.

यावर कोणी विचारील, मग प्रेमाने काही करून द्यायचेच नाही काय? आजीने नातवासाठी विणलेल्या स्वेटरचाही हिशेब मांडायचा? मुळीच नाही. यापो येथील दुर्कस मरण पावली तेव्हा विधवांनी तिने करून दिलेले अंगरखे पेत्राला दाखवले, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात आहे. त्या अंगरख्यांना दाम नव्हते, आणि ते नसणेच योग्य होते. भेद लक्षात घ्यावा तो एवढाच: फुकट देण्याचा अधिकार विणणाऱ्याचा आहे, स्वस्तात मागण्याचा अधिकार घेणाऱ्याचा नाही. दुर्कसने गरिबांना दिले, आणि आपण मात्र गरिबाकडून सवलत मागतो!

आणखी एक गोष्ट आपल्या प्रदेशाची आहे. दुकानात जिला आपण लोकर म्हणतो तिचा पुष्कळसा भाग मेंढीच्या अंगावरचा नसतोच. ते कारखान्यात रसायनांपासून केलेले ॲक्रिलिक असते. ते मऊ असते, रंग पक्का असतो, धुण्यास सोपे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु चिकोडी-निपाणीच्या माळावर धनगरांचे कळप फिरतात, त्या दख्खनी मेंढीची खरी लोकर मात्र कोणाला नको झाली आहे. ती जाडीभरडी, स्वेटरला बोचरी. पूर्वी तिचे घोंगडे होई: मेंढ्या कातरायच्या, लोकर पिंजायची, बायकांनी सूत कातायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि सनगराने खड्ड्याच्या मागावर विणायचे. ते घोंगडे शेतकऱ्याला पावसात आणि थंडीत साथ देई. आज कित्येक ठिकाणी लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून ती टाकून दिली जाते. लोकरीचे विणकाम शिकणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि शेजारची लोकर उकिरड्यावर जाते आहे, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे. शहापूर, वडगाव, खासबाग येथील विणकरांचीही कथा फारशी वेगळी नाही. तेथे माग चालतो तो नगावर. साडीचा भाव दुकानात चढला म्हणून विणणाऱ्याची मजुरी चढतेच असे नाही.

तात्पर्य, हाताने शिकलेली विद्या ही आपल्याला न्यायी करण्यासाठी मिळालेली आहे. शिकून जर आपण अधिकच घासाघीस करू लागलो, “यात काय मोठेसे, मलाही येते” म्हणू लागलो, तर शिकणे वाया गेले. एवढेच नव्हे, ते उलटले. कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बजावतो. ती मजुरी शेतातलीच असते असे नाही. ती कधी रुमालाच्या जाळीतही अडकलेली असते.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. शिकवणाऱ्या बाईंची फी ठरल्या दिवशी पुरी द्यावी. मंडळीच्या विक्रीत वस्तूवर लोकरीचा खर्च आणि लागलेले तास लिहून मगच किंमत ठरवावी, आणि गावात जो भाव चालतो त्याच्या खाली ती नेऊ नये. मंडळीतच कोणी विणून पोट भरणारी भगिनी असेल तर पहिले काम तिला सांगावे, आणि तेही दान म्हणून नव्हे, मागणी म्हणून. घरात एक तरी घोंगडे विणणाऱ्याकडून त्याच्या भावात घ्यावे. आणि पुढच्या वेळी हातचे काम विकत घेताना “कितीला?” असे विचारण्यापूर्वी “किती दिवस लागले?” असे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर ऐकल्यावर भाव पाडून मागण्यास आपली जीभ सहसा धजणार नाही.