दप्तरातला डबा आणि पापाचा प्रश्न



मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात आमच्याकडे जी गाऱ्हाणी येतात, त्यातले एक पावसाळ्यात हमखास येते. "फादर, सातवीत गेला तरी आंघोळ म्हणजे दोन तांबे अंगावर ओतणे. शुक्रवारचा डबा सोमवारी दप्तरात सापडतो. जूनपासून ही तिसरी छत्री हरवली. पापनिवेदनात हे सांगायचे असते, असे तुम्हीच त्याला सांगा."

आम्ही हसतो, पण प्रश्न खरा आहे. गबाळेपणा हे पाप आहे काय? असेल तर कोणाविरुद्ध?

स्वच्छता आणि देव यांची जोडी लावणारी म्हण बायबलमध्ये आहे असे पुष्कळांना वाटते. ती तिथे नाही. उलट मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय ७) न धुतलेल्या हातांवरून परुश्यांनी वाद घातला, तेव्हा प्रभूने त्यांनाच खडसावले. धर्मशिक्षणाच्या वर्गातली हुशार मुले हा अध्याय आईला बरोबर ऐकवतात! आणि संत बेनेडिक्ट जोसेफ लाब्र (१७४८-१७८३) यांचे काय करायचे? अनेक मठांनी परत पाठवलेला हा फ्रेंच तरुण रोममध्ये भिकाऱ्यासारखा राहिला, अंगावर चिंध्या आणि उवा. १८८१ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. म्हणजे अंगावरच्या मळामुळे स्वर्गाचे दार बंद होत नाही.

पण आयांनी घाबरू नये. लाब्र यांच्या चिंध्या धुण्याचा भार कोणा आईवर नव्हता, मिळालेली भीकही ते इतर गरिबांना वाटत. त्यांनी सोडले ते स्वतःचे. आपला मुलगा सोडतो ते दुसऱ्याच्या कष्टाचे. बुरशी आलेला डबा कोणीतरी नाक दाबून घासते. हरवलेली छत्री कोणाच्या तरी मजुरीतून आलेली असते. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमात (अध्याय ३१) कोठार सांभाळणाऱ्याला सांगितले आहे की, मठातली साधी अवजारेदेखील वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. कुदळ आणि मिस्सेचा प्याला एकाच पंक्तीत! कारण मठात कोणतीच वस्तू एकट्याची नसते. घरातही नसते.

तेव्हा आमचे मत असे की, पाप मळात नाही. आपल्यामागे कोणीतरी आवरत असते हे ठाऊक असूनही ते न पाहणे, यात ते सुरू होते. पण मग दोष एकट्या मुलाचा कसा? 'मुलगाच तो' म्हणून त्याचे ताट बहिणीने उचलायचे, हे किती घरांत चालते! आणि आम्ही धर्मगुरू? आमचा पांढरा झगा इस्त्री होऊन खुंटीवर येतो. तो कोण धुते, तिचे हात साबणाने किती सोलवटले आहेत, हे आम्ही कितीदा पाहिले?

सवयीबद्दल ॲरिस्टॉटल म्हणतो की सद्गुण करून करूनच अंगी येतो. आया ऐकून खूश होतील. मात्र तो हेही म्हणतो की ते कृत्य समजून, स्वतः निवडून केलेले असले पाहिजे. सेमिनरीत घंटेच्या तालावर आमची कपाटे आरशासारखी असत. सुट्टीत घरी गेलो की पहिल्या आठवड्यात आमच्या खोलीची काय दशा होई, हे आमच्या आईला विचारायला हवे होते. घंटा गेली, गुणही गेला.

आणखी एक. दहा-बारा वर्षांनंतर शरीर बदलते, घामाला वास येऊ लागतो. हे मुलाला शांतपणे कोणी सांगतच नाही. बाप लाजतो, आई ओरडते. आणि नीटनेटके मूल अचानक स्वतःकडे दुर्लक्ष करू लागले, तर साबणाआधी त्याच्या मनाची चौकशी करावी. कधी दुःख असते, कधी भीती. गरज पडल्यास डॉक्टरांकडे न्यावे, त्यात लाज नाही.

आम्ही स्वतः हे सारे विसरलो होतो. फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या धर्मग्रामात, सॅक्रिस्टीत सर्वांदेखत एका वेदीसेवकाला त्याच्या चिखलाच्या बुटांवरून आम्ही बोललो. मुले हसली. तीन रविवार तो आला नाही. बापांनी मुलांना डिवचून खचवू नये, असे संत पौल कलस्सैकरांस लिहितो (३:२१); त्यावर आम्ही प्रवचनही दिले होते! चौथ्या आठवड्यात आम्ही त्याच्या घरी गेलो, क्षमा मागितली. आई चहा आणायला आत गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "फादर, एकच जोडी आहे, रात्रीत वाळत नाही."

त्यानंतर सॅक्रिस्टीतल्या काचेच्या दोन कुप्या त्याच्या ताब्यात दिल्या, एक पाण्याची, एक द्राक्षारसाची. दर रविवारी तो त्या धुवायचा, उजेडाकडे धरून पाहायचा, पुन्हा धुवायचा. आमची बदली होईपर्यंत एकही फुटली नाही. बूट मात्र शेवटपर्यंत तसेच होते.