तिसरा माणूस



आजचं वाचन : गीता, अध्याय तिसरा, श्लोक १० ते १६.

हा यज्ञचक्राचा भाग. अन्नावर प्राणी जगतात, अन्न पावसामुळे पिकतं, आणि हे चाक फिरत राहतं कारण प्रत्येक जण आपला वाटा त्यात परत टाकतो. जो नुसता घेतो आणि काहीच परत देत नाही, त्याच्यासाठी भगवंतांनी वापरलेला शब्द चांगलाच झोंबणारा आहे : चोर. माउली ज्ञानेश्वरीत या यज्ञाचा अर्थ स्वधर्माचं आचरण असा लावतात. त्यामुळे 'आमच्या वन बीएचकेमध्ये होमकुंड नाही' ही सबब चालत नाही. आपापल्या रोजच्या कामात हा यज्ञ आहेच.

हे वाचताना मला शनिवारच्या ऑनलाइन वर्गातला एक प्रश्न आठवला. एका तरुण मित्राने विचारलं होतं, "दादा, मी दहा वर्षं बाइक चालवतोय. कुणाला साधा धक्कासुद्धा लागलेला नाही. तरी दर वर्षी थर्ड पार्टी इन्शुरन्स भरा. म्हणजे ज्याला मी ओळखत नाही, ज्याला मी काही केलेलं नाही, त्याच्यासाठी पैसे. आणि नाही भरले तर दंड. जबरदस्तीने करायला लावलेली माणुसकी ही माणुसकी असते का?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज त्याच्यावरच बोलू.

आधी हा 'थर्ड पार्टी' कोण ते बघू. विम्याच्या करारात पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा विमा कंपनी. तिसरा म्हणजे या करारावर ज्याची सही नाही, ज्याला असा काही करार झालाय हेही माहीत नाही, पण गाडीची धडक ज्याला बसू शकते असा कुणीही. झेब्रा क्रॉसिंगवरची आजी, शाळेतून सायकलने घरी निघालेला मुलगा, सिग्नलला शेजारी थांबलेला डिलिव्हरी बॉय. आपल्या गाडीला पोचा आला, गाडी चोरीला गेली, त्यासाठीचा विमा वेगळा. तो घ्यायचा की नाही, ही आपली मर्जी. कायद्याने सक्ती केली आहे ती फक्त या तिसऱ्या माणसासाठी. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १४६. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणजे गंमत बघा. स्वतःच्या पत्र्याची काळजी कायद्याने आपल्यावर सोडली आणि दुसऱ्याच्या हाडामांसाची काळजी मात्र आपल्या मर्जीवर सोडली नाही.

मी इंजिनियर माणूस, आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. एक कल्पनेतलं उदाहरण घेऊ. चौतीस वर्षांचा एक माणूस, स्वतःची वडापावची गाडी, महिन्याची कमाई वीस हजार. घरी बायको, दोन मुलं आणि आई. एका दुचाकीच्या धडकेत तो गेला आणि चूक दुचाकीस्वाराची ठरली. सुप्रीम कोर्टाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी भरपाईची रीत घालून दिली आहे, तिच्याप्रमाणे हिशोब असा होतो. वर्षाची कमाई २,४०,०००. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढे वाढली असती त्या कमाईचे ४० टक्के मिळवायचे : ३,३६,०००. त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा : २,५२,०००. त्या वयासाठीचा गुणक १६. एकूण ४०,३२,०००. अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी.

आता दुसरी बाजू. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ साली सरकारने वर्षाला ७१४ रुपये ठरवला, कर वेगळा. विमा असेल तर ते चाळीस लाख कंपनी देते. विमा नसेल तर न्यायाधिकरण निकाल चालक-मालकाविरुद्ध देतं. मालकाकडे एक जुनी बाइक आणि भाड्याची खोली असेल, तर त्या बाईच्या हातात निकालाचा कागद येतो. त्या कागदावर मुलांची फी भरता येत नाही.

या हिशोबाकडे बघितलं की मित्राच्या प्रश्नातली एक गोष्ट सरळ करून घ्यावी लागते. 'मी त्याला काही केलेलं नाही' हे वाक्य पूर्ण खरं नाही. शंभर-सव्वाशे किलोचं लोखंड मी ताशी पन्नासच्या वेगाने माणसांच्या मधून नेतो, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला थोडा धोका टाकतच जातो. तो बहुतेक वेळा फळाला येत नाही, म्हणून दिसत नाही. फायदा माझा : मी ऑफिसला वीस मिनिटं लवकर पोचतो. धोक्यातला वाटा त्या आजीचा, आणि तिची परवानगी कुणी घेतलेली नसते. माझी दहा अपघातमुक्त वर्षंही एकट्या माझ्या कौशल्याची नाहीत. किती अनोळखी लोकांनी ऐन वेळी ब्रेक दाबला असेल, किती जण फुटपाथवर मागे सरकले असतील, याची मोजदाद माझ्याकडे नाही.

हे सगळं मी रोज घेतो. मग परत काय टाकतो?

आपल्या परंपरेत याला नेमका शब्द आहे : ऋण. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपण ऐकतो. शतपथ ब्राह्मणात यांच्या जोडीला मनुष्यांचं ऋणही सांगितलेलं आहे. ते फेडायचं तर समोरच्याशी ओळख असावी लागत नाही. म्हणून थर्ड पार्टीचा हप्ता मला दानात धरावासा वाटत नाही. दान जबरदस्तीने घेतलं तर त्याचा अर्थच जातो, इथपर्यंत मित्राचं बरोबर आहे. पण उसने घेतलेले पैसे कुणी मागून घेतले, म्हणून 'माझी माणुसकी हिरावली' असं आपण म्हणत नाही. ऋणाची वसुली होऊ शकते. आपल्या हातात एवढंच उरतं की ते कुरकुरत फेडायचं की समजून फेडायचं. भक्ताचा फरक पडायचा तर इथे पडावा.

इथे वर्गातल्या एका ताईंनी चांगला मुद्दा काढला होता. त्या म्हणाल्या, "मग विमा भरला की माणूस मोकळा? कंपनी बघून घेईल म्हणून लोक अजूनच सुसाट जाणार."

ही भीती खरी आहे. कायद्याने मात्र हे दोन हिशोब वेगळे ठेवले आहेत. भरपाई कंपनी देते, पण निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा चालवणाऱ्याच्या नावावर लागतो आणि त्याची शिक्षा कुठलीही पॉलिसी भोगत नाही. कर्माचा हिशोबही तसाच म्हणावा लागेल. कंपनी चाळीस लाख देईल. रात्री गाडी लावून घरी येणारा बाप ती देऊ शकत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. यातल्या एकाही घरी पैशाने माणूस परत आला नसेल. म्हणून विमा ही दुसरी जबाबदारी. पहिली म्हणजे वेग कमी ठेवणं, सिग्नल पाळणं, फोन खिशात ठेवणं आणि गाडीचे ब्रेक-टायर वेळेवर बघणं. पहिली जबाबदारी पार पाडूनही माणसाच्या हातून चूक होऊ शकते, म्हणून दुसरी लागते. दोन्हींपैकी एक केली की दुसरी माफ, असं नाही.

आता तिसरी अडचण, आणि ती आपल्यासारख्या भक्तमंडळींमध्येच जास्त दिसते. 'देव आहे ना पाठीशी!' दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. पुढे लिंबू-मिरची लटकते. यात मला काही वावगं वाटत नाही. ज्या वस्तूच्या जिवावर आपण पोट भरतो तिला वर्षातून एकदा नमस्कार करणं ही सुंदर पद्धत आहे. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा हार ताजा असतो आणि पॉलिसी दोन वर्षांपूर्वीच संपलेली असते.

'फळ भगवंतावर सोडलं आहे' असं म्हणणाऱ्याला एक विचारावंसं वाटतं : कुणाचं फळ? मी माझ्या कर्माचं फळ सोडू शकतो. माझं प्रमोशन, माझं कौतुक, एखाद वेळी माझा जीवसुद्धा मी त्याच्या पायाशी ठेवू शकतो. पण त्या वडापाववाल्याचा जीव आणि त्याच्या मुलांचं शिक्षण माझं नाहीच, तर ते परस्पर देवाच्या पायाशी ठेवणारा मी कोण? शरणागती स्वतःची असते. दुसऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या वतीने शरण जाता येत नाही. जिथे दुसऱ्याचं काही पणाला लागलं आहे, तिथे भक्ताने जास्त काटेकोर व्हायला हवं.

आणि स्वतःचा जीव तरी पूर्ण स्वतःचा असतो का? त्याच २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत होतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ७१४ रुपये मला एका रविवारच्या नाश्त्याचे. रात्री अकरापर्यंत पार्सल पोचवणाऱ्या मुलाला ते तितके सोपे नाहीत. हप्ता कमाई बघून ठरत नाही, इंजिन बघून ठरतो. त्यामुळे विमा नसलेल्या प्रत्येकाला बेफिकीर ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. पण त्याची अडचण खरी असली तरी रस्ता ओलांडणारा माणूस तेवढाच उघडा पडतो, हेही खरं. मग ज्यांना झेपतं त्यांनी हात द्यावा. आपल्या घरी पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या स्कूटीची पॉलिसी कधी संपते, हे आपण कधी विचारलंय का? दिवाळीच्या मिठाईच्या डब्याबरोबर तो हप्ता आपण भरला तर त्या यज्ञात आपलीही एक आहुती पडेल.

आजचा संकल्प अगदी छोटा आहे. जपाला बसण्याआधी पाच मिनिटं काढा. डिजिलॉकर किंवा पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि थर्ड पार्टीची मुदत कधी संपते ती तारीख बघा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे 'घेताना भरलाय' एवढंच डोक्यात राहतं आणि ती वर्षं कधी सरली ते कळत नाही. तारीख उलटली असेल तर आज गाडी काढू नका. आधी हप्ता भरा, मग किल्ली हातात घ्या.

ज्याच्यासाठी भराल, तो तुम्हाला बहुधा कधीच भेटणार नाही. तो भेटू नये, हीच आजची प्रार्थना.

राम कृष्ण हरी!