ठाकुर्ली : ‘शांत’ या विशेषणाची मीमांसा

डोंबिवली आणि कल्याण या गजबजलेल्या स्थानकांमधील ठाकुर्लीचे वर्णन ‘शांत’ या विशेषणाने सहज केले जाते. हे विशेषण वस्तुवाचक की मूल्यवाचक, हा प्रश्न वरवर शब्दच्छलाचा वाटेल. परंतु विशेषण कोठे उभे राहून दिले गेले, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. जलद गाड्या येथे सहसा थांबत नाहीत. दारातल्या प्रवाशाला फलाट ओझरता दिसतो. स्वतःच्या वेगाचा जो अभाव तेथे जाणवतो, त्यालाच तो शांतता म्हणतो.

इतिहास या नामकरणाला अनुकूल नाही. ठाण्याहून कल्याणपर्यंतचा लोहमार्ग 1854 साली सुरू झाला. 1925 मध्ये मुंबईत विजेची गाडी धावली आणि 1929 मध्ये ठाकुर्लीजवळ चोळे येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे वीजगृह उभे राहिले. कोळसा जळे, पाण्याची वाफ होई, जनित्रे फिरत आणि ती वीज गाड्यांना मिळे. ठाकुर्लीला न थांबणाऱ्या गाड्यांचा वेग काही अंशी ठाकुर्लीतच निर्माण होत होता! 1980 च्या दशकात वीजगृह बंद पडले.

मराठीत दिवा ‘विझला’ म्हणणे अशुभ मानतात. तो ‘शांत झाला’ असे म्हणतात. ठाकुर्लीच्या शांततेत हा दुसरा अर्थ दडलेला आहे, आणि पहिल्या अर्थाच्या रम्यतेने तो झाकला जातो. (येथे शांतरसाची चर्चा आणण्याचा मोह टाळलेला बरा. शम हा ज्याने स्वतः सोडले त्याचा असतो. येथे सोडण्याचा निर्णय अन्यत्र झाला.)

मार्क ओजे या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने 1992 मध्ये ‘अ-स्थळा’ची संकल्पना मांडली : ओळख, नाते आणि इतिहास यांपैकी काहीच न देणारा अवकाश. स्थळ आणि अ-स्थळ शुद्ध रूपात कोठेच आढळत नाहीत, हेही त्याने मान्य केले होते. मात्र त्याचे अनुकरण करणारे हा भाग विसरतात. ठाकुर्ली अ-स्थळ असलेच, तर ते जलद गाडीतून. पाळी संपवून वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या कामगाराला ते तसे असणे शक्य नव्हते.

मग उपभोगणाऱ्याने प्रत्येक ऋण जाणलेच पाहिजे काय? तसा आग्रह धरला तर प्रवासच अशक्य होईल. दारातल्या प्रवाशाच्या अज्ञानाला म्हणूनच दोष म्हणता येत नाही. उपनगराचे वर्णन करण्याचे पत्करलेल्या लेखकाची गोष्ट वेगळी : तो गाडीतून उतरलेला असतो, आणि चोळेगाव तेथून चालण्याच्या अंतरावर आहे.