वीज फुकट झाली म्हणून...

प्रिय भाविकहो,

गेल्या वर्षी आपल्या चर्चच्या हॉलवर सौर पॅनेल बसले. देणग्या तुम्हीच दिल्या. उन्हाळ्यात बिल जवळजवळ शून्यावर आले आणि लगेच धर्मग्राम परिषदेत सूचना आली, "फादर, वीज आता फुकटच आहे. चर्चमध्ये एसी लावू या." सूचना करणाऱ्याला बोलण्याचा मला अधिकार नाही. पूर्वी जेवायला उठतानाही मी ऑफिसातला पंखा बंद करायचो. हल्ली तो रिकाम्या खुर्चीला वारा घालत असतो.

जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 सालीच ही खोड ओळखली होती. सुधारलेल्या वाफेच्या इंजिनाला कोळसा कमी लागे. मग कोळसा वाचला का? उलट, परवडू लागल्यामुळे इंजिने जागोजागी बसली आणि एकूण खप वाढला. आज जगाचे तसेच चालले आहे. सौरऊर्जा कधी नव्हे इतक्या वेगाने वाढते आहे, तरी 2024 मध्ये जगातला कोळशाचा वापरही उच्चांकाला पोहोचला. आपल्या देशात 2025 मध्ये वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा आणि वायूखेरीज अन्य स्रोतांची झाली. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली सुमारे 70 टक्के अजून कोळशाचीच. नवे आले ते जुन्याच्या जागी नव्हे, त्याच्या शेजारी येऊन बसले. रोज रोझरी म्हणू लागलेल्या माणसाला दारू सुटली का, हे वेगळेच विचारावे लागते.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात उपभोगाच्या वाढत्या सवयींचे उदाहरण म्हणून नेमका एसीच घेतला होता. वाचताना मला वाटले होते, रोममध्ये बसून हे लिहिणे सोपे आहे. मे महिन्यात भर दुपारच्या अंत्यविधीला भोवळ येऊन बाकावर कलंडलेल्या आजी मी पाहिल्या आहेत. 2018 मध्ये जगात सुमारे 160 कोटी एसी होते. 2050 पर्यंत ते 560 कोटी होतील, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा त्या वर्षीचा अंदाज होता. ही वाढ मुख्यतः आपल्यासारख्या उष्ण देशांतली. ज्यांनी थंडावा आधीच घेतला, त्यांनी आपल्याला संयम शिकवावा हे मलाही रुचत नाही. पण तापणारी हवा सर्वांची एकच आहे.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकलो. संयमाचे माप ते गरजेवर ठरवतात. आणि गरज म्हणजे निव्वळ जिवंत राहण्यापुरती नव्हे, माणसाला शोभेसे जगता येण्यापुरतीही. परीक्षेच्या वेळी हे मला मोठे सोयीचे वाटले होते. आता तीच अडचण झाली आहे, कारण 'शोभेसे' म्हणजे किती, हे दरवर्षी बदलते.

माझे मत असे: वृद्धांसाठी आणि आजाऱ्यांसाठी बाजूच्या खोलीत एक एसी लावावा, मुख्य चर्चमध्ये नको. छताला पांढरा रंग द्यावा आणि वरचे बुजवलेले झरोके उघडावेत. शिवाय संध्याकाळच्या मिस्सेला पॅनेल झोपलेले असतात; बिलात काहीही दिसो, त्या वेळचा थंडावा बहुतेक कोळशाचाच असेल.

बैठक पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. जरूर या. माझी खोली पश्चिमेला आहे आणि तिथे समुद्राचा वारा येतो, याची मी मत देण्याआधी कुणीतरी मला आठवण करून द्यावी.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू