सालोमालोची बाजू

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबांचा अभंग कानांत असतानाच तोच अभंग त्यांचा प्रतिस्पर्धी सालोमालो देवळात स्वतःच्या नावाने गाऊ लागतो. तुकोबा साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीसांच्या गळ्यातले साधे शब्द आता ताना घेऊन नटतात आणि नाममुद्रा बदलते. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी वाङ्मयचौर्य इतक्या थोडक्यात दाखवलं आहे, की पुढे कुणी काही समजावून सांगायची गरजच उरत नाही.

सालोमालो पटकथेसाठी घडवलेला नाही. गाथेत तुकोबांनीच नाव घेऊन त्याला फटकारलं आहे. चित्रपटातला सालोमालो तर धर्मपंडित रामेश्वरशास्त्रींकडे कागाळी करतो, तुकोबांना मोहात पाडायला नर्तकी पाठवतो. एवढं पाहिल्यावर त्याची कीव कशाला करायची?

अक्कलकोटसारख्या सीमेवरच्या गावात या प्रश्नाला वेगळी धार येते. इथे मराठी आणि कन्नड एकाच बाजारात नांदतात. अभंगांच्या शेजारी शरणांची, म्हणजे कन्नड शिवभक्त संतांची, वचनंही असतात. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं, वचनाच्या शेवटी बहुधा देवाचं: बसवण्णांचा कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींचा चन्नमल्लिकार्जुन. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखीच घडली. कितीतरी अनाम माणसांनी आपली रचना थोरांच्या मुद्रेखाली सोडून दिली, आणि आजचे संपादक ती प्रक्षिप्त म्हणून बाजूला काढतात. या चित्रपटातच शांताराम आठवल्यांचं ‘आधी बीज एकले’ आहे. ते तुकोबांचंच असणार असं अनेकांना वाटलं. आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर गेले तरी ज्यांना चाललं, अशांच्या या परंपरेत सालोमालो एकटाच उलट्या दिशेने निघालेला दिसतो.

आणि तरी मला त्याच्याविषयी वाईट वाटतं. तुकोबा या देहूतल्या कुणब्याचे शब्द अस्सल आहेत, हे शास्त्र्यांच्या आधी त्याला कळलं होतं. कमअस्सल ओळ कुणी चोरत नाही. त्याच्याकडे देऊळ आहे, गळा आहे, समोर श्रोते आहेत. उत्तम काय ते ओळखण्याची नजरही आहे. ते निर्माण करण्याचं बळ तेवढं नाही. लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही पोकळी कधी ना कधी अनुभवलेली असते. म्हणून त्याला माफी द्यावी असं मी म्हणणार नाही. पण त्याला नुसतं विदूषक म्हणून सोडून देताना आपण आपल्यातलाच एक माणूस नाकारतो.

अशाच चोरीवरच्या ‘द वर्ड्स’ (२०१२) या अमेरिकी चित्रपटात एका तरुण लेखकाला जुन्या बॅगेत दुसऱ्याचं हस्तलिखित सापडतं आणि तो ते आपल्या नावावर छापतो. चोराचं अपराधीपण, मूळ लेखकाचं म्हातारपण, दोघांवर कॅमेरा खिळून राहतो. ती बॅग आगगाडीत विसरली होती मूळ लेखकाची बायको. त्या विसरण्यापायी तिचा संसार मोडला. ती मात्र आठवणीतली एक सावली बनून राहते.

इथे मला ‘प्रभात’चा चित्रपट मोठा वाटतो. त्यात तुकोबांची बायको जिजाई आहे, अभिनेत्री गौरीने साकारलेली. मूल आजारी पडल्यावर ती पायताण उचलून थेट विठोबाच्या देवळात शिरते. नवरा अभंग रचतो, सालोमालो ते पळवतो, रामेश्वरशास्त्री ते बुडवायला लावतात. सगळ्यांचं भांडण शब्दांचं. घरातलं पीठ संपल्याचं फक्त तिला ठाऊक असतं. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि ती मुलांपाशी मागे राहते. तिने देवाला घातलेल्या शिव्यांवर हक्क सांगायला कुणी सालोमालो येत नाही.