एलियाची भाकर



जुलै महिन्याचा चौथा रविवार ख्रिस्तसभेत आजी-आजोबांचा व ज्येष्ठांचा दिवस म्हणून पाळला जातो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली तो सुरू केला. प्रभू येशूचे आजी-आजोबा संत योआकीम व संत अॅना यांचा सण २६ जुलैला असतो, त्याच्या जवळचा हा रविवार. या दिवशी मुले आपल्याला फुले देतात, नातवंडे गाणे म्हणतात, फोटो निघतात. बरे वाटते. पण सोमवारी सकाळी गुडघा तसाच दुखतो आणि बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. म्हणून या वेळी रविवारच्या फुलांऐवजी सोमवारच्या सकाळीविषयी लिहावे असे आम्हा ज्येष्ठांना वाटले.

मिस्साच्या वेळी पुढच्या बाकांकडे पाहिले की काही जागा रिकाम्या दिसतात. त्यातले काही जण प्रभूच्या घरी गेले, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो. पण काही जण अजून इथेच, आपल्या हर्सूलमध्ये आहेत. घरातल्या खाटेवर. त्यांना मोठा आजार नाही. कोणी एकदा न्हाणीघरात घसरले, लागले थोडेच, पण मन घाबरले. कोणी जोडीदार गेल्यानंतर बाहेर पडणे सोडले. आठ दिवस बसून काढले, मग पाय जड झाले. पाय जड झाले म्हणून आणखी महिना बसले. विचारले तर उत्तर एकच, "आता वय झाले. आता काय राहिले?"

पवित्र शास्त्रात असेच बोलणारा एक मोठा संदेष्टा आहे. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलिया थकून, घाबरून रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आपण पुरे झालो, असे त्याला वाटते. मग तो झोपी जातो. देवदूत येतो. आपण त्या देवदूताच्या जागी असतो तर एलियाला श्रद्धेवर चांगले तासभर ऐकवले असते! देवदूत मात्र त्याला हलवून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. एलिया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो, कारण वाट लांबची आहे. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब पर्वतावर पोहोचतो. देव त्याच्याशी बोलला, पण त्याआधी त्याला अन्न, पाणी, झोप मिळाली आणि त्याचे पाय चालू लागले.

आमच्यापैकी पुष्कळांना लहानपणापासून वाटत आले की शरीराची काळजी घेणे म्हणजे शरीराचे लाड, आणि भक्ताने त्याच्याकडे लक्ष देऊ नये. आपल्या धर्मप्रांताचे महामंदिर ज्यांच्या नावाने उभे आहे त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांना हे मान्य नव्हते. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भक्तिजीवनावरील पुस्तकात ते हरणाचा दाखला देतात. फार लठ्ठ झालेले हरीण नीट पळत नाही आणि फार वाळलेलेही पळत नाही. उपास-तापास करून शरीर मोडून घेणाऱ्यांना त्यांनी सावध केले, रात्रीची झोप वेळेवर घ्यायला सांगितले. ते स्वतः ५५ व्या वर्षी वारले. आयुष्य किती लांबेल याचा तो सल्ला नव्हताच. सेवेला शरीर हाताशी असावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

उपासाचे निघाले आहे तर स्पष्ट सांगतो, कारण इथे चुकीच्या समजुतीने त्रास होतो. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार उपवासाचे बंधन वयाची ५९ वर्षे पूर्ण झाल्यावर राहत नाही. कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवास वृद्धांना व आजाऱ्यांना लागू नाही. पाण्याने आणि औषधाने तर तो कोणाचाच मोडत नाही. तरीही मधुमेह असलेली माणसे सकाळची गोळी घेऊन, पोटात काही न घालता मिस्साला येतात आणि प्रवचन संपेपर्यंत त्यांना घाम फुटतो. कृपा करून खाऊन या. गुडघे टेकता येत नसतील तर बसून राहा. देवाला आपले गुडघे ठाऊक आहेत.

भाकरीचा प्रश्न घरातही आहे. आपल्याकडे ज्वारीची भाकरी आहे, वरण आहे, मटकीची उसळ आहे. पण एकट्या राहणाऱ्या माणसाच्या ताटात काय असते? सकाळी चहा-खारी, दुपारी भाकरी आणि ठेचा, रात्री पुन्हा चहात बुडवलेली पोळी. वयाबरोबर स्नायू आपोआप झिजतात. त्यांना डाळ, उसळ, दही, अंडे असे काही रोज लागते. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे मात्र हात राखून. दिवसाचे सगळे मिळून मीठ एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे एका जेवणातच ते होते. आणि पाणी. म्हातारपणी तहान कमी लागते, शरीराला पाणी हवे असले तरी कळत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकते. रात्री उठावे लागते म्हणून पुष्कळ जण दिवसभर पाणी टाळतात. त्यापेक्षा दिवसा प्यावे आणि झोपायच्या आधी कमी करावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र किती प्यायचे ते डॉक्टरांनाच विचारावे.

आता चालणे. ज्येष्ठांनीसुद्धा आठवड्यात किमान १५० मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालावे, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम करावेत, असे ही संघटना सुचवते. १५० ऐकून घाबरू नका. चालत म्हटलेल्या एका रोझरीला वीस मिनिटे लागतात. रोज एक म्हटली की आठवड्याची १४० झाली! वेग कसा ओळखावा? 'नमो मरिया' म्हणता येते पण गायन म्हणायला दम पुरत नाही, तो वेग बरोबर. अजिंठा रस्त्याच्या कडेने मात्र चालू नका, तिथली वाहने आपल्यासाठी थांबत नाहीत. कोणी पहाटे हिमायतबागेकडे जातात, कोणी तलावाच्या बाजूला. पावसात घराच्या ओट्यावर येरझाऱ्या घातल्या तरी चालतील. तोलासाठी स्वयंपाकघराचा ओटा धरून एका पायावर उभे राहावे. ताकदीसाठी हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे, बसावे, दहा वेळा. ज्यांनी बरेच दिवस बसून काढले आहेत किंवा ज्यांना छातीत दुखते त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे.

आणि घरच्यांनो, न्हाणीघरात भिंतीला धरायला एक दांडी बसवा, रात्री वाटेवर एक लहान दिवा लावा. फुलांपेक्षा ती भेट आम्हाला जास्त आवडेल.

चालण्याविषयी महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. मुलगा असताना परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत भर पावसात पायी गेले. १९०० साली हिंगण्याला विधवांसाठी झोपडी उभारली, तेव्हा दिवसा फर्ग्युसन कॉलेजात शिकवून ते चिखल तुडवत तिकडे जात. त्यांच्या पत्नी, आपल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या विद्यार्थिनी. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, कर्व्यांनी खेड्यांतल्या शाळांसाठी नवी संस्था काढली. १९६२ साली वारले तेव्हा ते १०४ वर्षांचे होते. इतके आयुष्य सर्वांच्या वाट्याला येत नाही, आणि ते केवळ चालण्याने आले असेही आम्ही म्हणणार नाही. पण त्यांच्या चालण्याला नेहमी कोणाचे तरी दार होते.

एलियाचेही तसेच. होरेबवर देवाने त्याला ठेवून घेतले नाही, परत पाठवले. पुढच्या माणसाला, अलीशाला, तयार करायचे काम अजून बाकी होते. आमच्या अनुभवात नुसते तब्येतीसाठी सुरू केलेले फिरणे पंधरा दिवसांत बंद पडते. खाटेवरच्या मैत्रिणीकडे जाऊन एक दशक तिच्याबरोबर म्हणायचे ठरवले तर पाऊस असला तरी छत्री घेऊन माणूस निघतो. तीही मग त्या वेळेला केस विंचरून, पाय खाली सोडून बसते.

असे सर्व करूनही एक दिवस दुसऱ्याचा हात लागणारच. प्रभूने पेत्राला ते आधीच सांगितले होते, की म्हातारपणी दुसरा कोणी तुझी कंबर बांधील. सांगून लगेच त्याला आपल्यामागे यायला सांगितले. ज्यांची कंबर आज सुना-मुले बांधतात त्यांच्याकडे कम्युनियन नेले जाते. कोणाचे नाव राहिले असेल तर धर्मगुरूंना कळवा.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपण बाहेर सावलीत थोडे थांबू या. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, बंद केलेल्यासुद्धा. बरे वाटले म्हणून बीपीची गोळी सोडलेले आपल्यात किती जण आहेत ते तिथेच कळेल. कोणती गोळी कधी, ते मोठ्या अक्षरात लिहून घेऊ. ज्यांना ७० वर्षे पूर्ण झाली आहेत त्यांनी आधार कार्डही आणावे. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांची सोय आहे. फोनवर नोंदणी करून द्यायला तरुण मुलांना सांगितले आहे. चष्मा विसरू नका.