संवादी भ्रम आणि पाण्यातला कॅमेरा

चुकीच्या ज्ञानाने खरी वस्तू हाती लागू शकते काय, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील जुना आणि अवघड प्रश्न आहे. सातव्या शतकात धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त आणि चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी ‘पंचदशी’च्या ध्यानदीप प्रकरणात त्याचा विचार एकाच दृष्टांताने केला आहे. दुरून दिसणाऱ्या रत्नाच्या प्रभेलाच रत्न समजून एक मनुष्य धावतो, तर दुसरा दिव्याच्या प्रभेला रत्न समजून धावतो. भ्रम दोघांनाही झालेला असतो. परंतु पहिल्याला रत्न मिळते आणि दुसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ज्या भ्रमाने इष्ट फळ मिळते तो संवादी, ज्याने मिळत नाही तो विसंवादी. निर्गुण ब्रह्माची उपासना ही संवादी भ्रमासारखी असून ती परिपक्व झाली म्हणजे ज्ञानापर्यंत नेते, असे विद्यारण्य सांगतात. मात्र एक भ्रम फळतो आणि दुसरा फसतो याचे कारण दृष्टांतात पुरेसे उलगडत नाही, आणि त्यासाठी विसाव्या शतकातील एका यंत्राकडे पाहणे उपयोगी ठरते.

हे यंत्र म्हणजे निकोनॉस, पाण्याखाली छायाचित्रे घेणारा फिल्मचा कॅमेरा. जाक-ईव्ह कुस्तो यांच्या प्रेरणेने बेल्जियन अभियंता जाँ द वूटर्स यांनी रचलेला ‘कॅलिप्सो’ हा त्याचा पूर्वज; त्याचे हक्क घेऊन निकॉन कंपनीने 1963 मध्ये आपला पहिला नमुना बाजारात आणला आणि 1984 मध्ये त्या मालिकेतील पाचवा. त्याला वेगळी जलरोधक पेटी लागत नाही. सांध्यांत बसवलेल्या, सिलिकोनचे वंगण लावलेल्या रबरी कड्या पाण्याच्याच दाबाने अधिक घट्ट बसतात, आणि सुमारे 50 मीटर खोलीपर्यंत फिल्म कोरडी राहते. त्याच्या 28 मिलिमीटरच्या एका भिंगाची रचना तर अशी आहे की ते पाण्यातच स्पष्ट प्रतिमा देते, हवेत नाही.

विचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याचे नेहमीचे 35 मिलिमीटरचे भिंग. मालिकेतील पहिल्या पाचही नमुन्यांत दर्शकातून पाहून प्रतिमा स्पष्ट झाली की नाही हे कळत नाही. वस्तू किती अंतरावर आहे याचा अंदाज डोळ्याने घ्यायचा आणि तो आकडा भिंगाच्या मोजपट्टीवर लावायचा, एवढेच छायाचित्रकाराच्या हाती असते. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याच्या शक्तीचे माप, सुमारे 1.33 असल्यामुळे चष्म्याच्या सपाट काचेआडून पाहणाऱ्या पाणबुड्याला 120 सेंटिमीटरवरचा मासा 90 सेंटिमीटरवर दिसतो. त्याने मोजपट्टीवर 90 हाच आकडा लावायचा असतो. कारण भिंगही सपाट काचेआड आहे, आणि डोळा ज्या प्रमाणात चुकतो त्याच प्रमाणात तेही चुकते. कोणी फीत धरून खरे अंतर मोजले आणि 120 लावले, तर मोठ्या छिद्राने घेतलेले चित्र धूसर येते. येथे सत्य माप चित्र बिघडवते आणि भ्रमाचे माप ते साधते.

अद्वैत परंपरा भ्रमाचे आणखी एक वर्गीकरण करते. दोरीवर दिसलेला साप दोरी ओळखताच नाहीसा होतो, हा निरुपाधिक भ्रम. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक पांढरा आहे हे ठाऊक असूनही तांबडाच दिसतो, हा सोपाधिक. उपाधी म्हणजे जवळ असल्यामुळे आपला धर्म दुसऱ्या वस्तूवर भासवणारी गोष्ट. अपवर्तनाचे सूत्र पाठ असले तरी मासा जवळच दिसतो, म्हणून पाण्यातला भ्रम सोपाधिक आहे. निकोनॉसमध्ये पाहणारा डोळा आणि प्रतिमा घेणारे भिंग या दोघांची उपाधी एकच असते, आणि त्या भ्रमाला फळ येते ते याच कारणाने. गढूळ पाण्यात दूरची वस्तू डोळ्याला उलट अधिक दूर वाटू लागते, भिंगावर मात्र गढूळपणाचा तसा परिणाम होत नाही. तेथे दोघांचा मेळ तुटतो आणि भ्रम विसंवादी होतो.

हा निकष लावला तर विद्यारण्यांचे म्हणणे सगुणाच्या उपासनेपर्यंतही नेता येते. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल त्यांच्याबरोबर जात्यावर दळतो. निर्गुणाच्या फितीने मोजू जाता ब्रह्माला हात नाहीत आणि जातेही नाही. पण दळणारीचे मन नामरूपाच्या पाण्यात आहे आणि तिला भेटणारा देवही त्याच पाण्यात रूप घेऊन आला आहे. म्हणून ती भेट खोटी ठरत नाही. रूपात रमलेल्या मनावर निर्गुणाचा आकडा बळेच लावणारा उपदेश शास्त्रशुद्ध असूनही धूसरच चित्र देतो. सगुणभक्तीला अज्ञान म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी संवादी आणि विसंवादी ही भ्रमाची दोन रूपे वेगळी केलेली नाहीत, असेच म्हणावे लागते.

तरीही प्रत्येक भ्रमाला हा आधार मिळत नाही. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून पूर्णा गावाजवळून गोदावरीकडे जाणाऱ्या पूर्णा नदीतही तेच अपवर्तन घडते. काठावरचा डोळा फसतो, पण पात्रात टेकणारा पाय त्याच्याबरोबर फसत नाही, कारण पायाला प्रकाशाची उपाधी नाही. निवळ पाण्यात सरळ खाली पाहिल्यावर जेथे तळ तीन हातांवर दिसतो, तेथे पाणी चार हात असते, आणि तिरप्या नजरेने पाहिल्यास त्याहूनही उथळ भासते; म्हणून तेथे उतरणाऱ्याने डोळ्यावर विसंबू नये, काठीने तळ चाचपूनच पाऊल टाकावे.